बोरीकडची जागा

मनकर्णाबाईंनी परसात तुरीचं कुटार ठेवायला पत्र्याचं शेड घालायचं काढलं. शेजाऱ्याच्या हद्दीपासून नियमाप्रमाणे जागा सोडून ग्रामसेवकाने टेप गुंडाळला, तशा त्या म्हणाल्या, "भाऊ, त्या बोरीकडूनबी सोडा लागते ना?"

"काऊन? तिकडं तर तुमचंच वावर हाय."

"आमचे मालक म्हणत, कायदा हाय."

"असा कायदा कुठीच नाही, काकू. सोताच्या वावराकडून कोण जागा सोडते?"

मनकर्णाबाई बोरीकडे पाहत राहिल्या. भगवानराव होते तोवर त्या पट्ट्यात त्यांनी ना गोठा येऊ दिला, ना उकिरडा. "ग्रामपंचायतीचा नियम हाय," एवढंच म्हणायचे आणि उन्हाळ्यात बाज नेमकी तिथंच टाकून झोपायचे. जागा वाया घालवता, म्हणून त्या जन्मभर त्यांच्याशी भांडल्या होत्या.

त्यांची पहिली पोर पाचवी पुजायच्या आधीच गेली, तेव्हा रीतीप्रमाणे बापच तिला पुरून आला होता. पुरलेली जागा आईला सांगू नये म्हणतात. त्यांनी फार विचारलं, तेव्हा भगवानराव भिंतीकडे तोंड करून म्हणाले होते, "लांब. नदीकडं."

"मंग काकू, बोरीखालीच खांबाचे खड्डे खंदायले सांगू ना?" ग्रामसेवकाने मोठ्याने विचारलं.

"नाही. मालक सांगत ते बराबर हाय, तेवढी जागा सोडा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आन् भाऊ, जरा हळू बोला."