खाली गैरहजर

यॉर्कशरमधला आमचा बिस्किटांचा कारखाना बंद पडला आणि साठी उलटल्यावर मी बेकार झालो. सरकारी बेकारभत्ता हवा तर दर मंगळवारी दहाच्या ठोक्याला जॉब सेंटरात तिथल्या कॅलम नावाच्या अधिकाऱ्यासमोर बसून काम शोधल्याचे पुरावे दाखवायचे, असा नियम. हा कॅलम माझ्या धाकट्या लेकीपेक्षाही लहान, आणि मला नावानं हाका मारून अक्कल शिकवणार!

शेवटी एका नोकरीसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं, तेही नेमकं मंगळवारी दहाला. मी म्हटलं, "बाबा रे, फक्त या वेळी माझी हजेरी अकराला घे."

"ट्रेव्हर, नियम सगळ्यांना सारखा," स्क्रीनवरची नजरही न काढता तो म्हणाला. "आला नाहीत तर गैरहजेरी लागेल."

"अरे, मुलाखत तुमच्याच ऑफिसात आहे, वरच्या मजल्यावर! तुमच्याच दारावरच्या रखवालदाराची जागा."

"तो विभाग वेगळा."

मंगळवारी टाय लावून वर गेलो. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी चहा दिला, माझ्या प्रत्येक उत्तराला मान डोलावली, गणवेशाचं मापसुद्धा विचारलं. मग सहज म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर माझं नाव टाकलं आणि त्यांचा चेहराच पडला.



"सॉरी, ट्रेव्हर. आम्हाला वेळेवर येणारा माणूस हवाय, आणि तुम्ही तर आत्ता खाली गैरहजर आहात."