सोबत

रूपाली सायकल भिंतीला टेकवून धापा टाकत स्पोर्ट्स हॉलमध्ये शिरली, तेव्हा लस घ्यायला तिच्या लेकीचा, अश्लेषाचा नंबर आला होता. शेजारी तिचं जॅकेट हातावर घेऊन मीनल उभी होती. मीनल म्हणजे अश्लेषाच्या मैत्रिणीची, अवनीची आई. नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये रूपाली आणि ती एकाच गल्लीत राहायच्या.

तान्ही असताना लस घेतल्यावर अश्लेषाला तापात झटका आला होता. तेव्हापासून रूपालीने लशीची धास्तीच घेतली होती. चौदाव्या वर्षी इथे देतात त्या मेंदूज्वराच्या लशीला तिने घरात साफ नाही म्हणून टाकलं होतं.

तिने नर्सला सांगितलं, मी हिची आई, माझी संमती नाही. नर्सने तिचं सगळं ऐकून घेतलं, झटक्याबद्दल बारकाईने विचारलं. मग खुर्ची वळवून ती अश्लेषाशी डचमध्ये बोलत राहिली. शेवटी म्हणाली, त्या झटक्यामुळे आता ही लस टाळायचं कारण नाही. मुलीला सगळं नीट कळतंय, आणि या वयात शेवटचा शब्द तिचाच.

रूपाली वाद घालायलाच आली होती. मीनलकडे बोट करून ती लेकीला म्हणाली ते मात्र भलतंच.

"हिला घेऊन आलीस. मला विचारावंसं नाही वाटलं?"

"विचारलं होतं, आई. तू नाही म्हणालीस."

"आणि ही हो म्हणाली?"

एरवी इंग्रजीतच उत्तर देणारी अश्लेषा मराठीत म्हणाली, "मावशी काहीच नाही म्हणाली. मला भीती वाटत होती. ती फक्त सोबत आली."

मी तुला फोन करायला हवा होता, असं काहीतरी मीनल पुटपुटली. रूपालीने तिच्याकडे पाहिलं नाही. लशीची भीती कुठल्या कुठे गेली होती. आत जळत होतं ते निराळंच.

डाव्या दंडात टोचून झाल्यावर थोडा वेळ बसायचं होतं. रूपाली लगबगीने अश्लेषाच्या डावीकडे जाऊन बसली. पलीकडे मीनल. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. रूपालीने तिला जवळ ओढायला हात टाकला.

"इकडून नको, आई. दुखतंय."

असं म्हणून अश्लेषाने डोळे मिटले आणि मान अलगद दुसऱ्या बाजूला, मीनलच्या खांद्यावर टाकली. मीनल जराही हलली नाही.