पाटी वाजली का?

काउबॉय नेमबाजीच्या अंतिम फेरीत डेलाची शेवटची गोळी सुटली. एका पंचानं मूठ दाखवली, म्हणजे सगळे नेम लागले. दुसऱ्यानं बोट, म्हणजे एक चुकला. तिसरा पंच हार्लन. नेमाच्या पोलादी पाटीवर गोळी आदळल्याचा टणत्कार त्याच्या म्हाताऱ्या कानांना ऐकूच येत नसे. इतरांचे हात चोरून बघायचा. आज त्या हातांचंच जुळेना. “बोला आजोबा, पाटी वाजली, की डुलकी लागली?” कुणीतरी ओरडलं. शंका असल्यास नेम लागला धरायचा, हे त्यानंच शिकवलेलं. पण शंका कबूल करायची लाज वाटली. “नाही वाजली.” त्यानं बोट वर केलं. पाटीपाशी तोच आधी पोचला. फेरीआधीच दिलेल्या ताज्या पांढऱ्या रंगावर गोळीचा डाग होता. त्यानं तिथलाच रंगाचा डबा उचलून घाईघाईनं डागावर फवारा मारला. “तुम्ही म्हणालात, मग चुकलाच असेल.” डेलानं हात पुढे केला. हार्लननं आपला खिशात लपवला. वर केलेलं तेच बोट रंगानं पांढरं झालं होतं.