सुनेचं पथ्य

भिवंडीत कुणी बघेल म्हणून ऋतिकानं ठाण्याला जाऊन ऑपरेशन केलं. छाती वर उचलून घेतली, आत इम्प्लांट बसवले. वडप्याला, गावच्या घरी मात्र नवऱ्याच्या संगनमतानं सांगितलं, पित्ताचे खडे काढले. सासूनं, म्हणजे आक्कानं, तिला लगेच पथ्यावर ठेवलं. वर्षभर घरच्यांच्या ताटात कोलंबी, बोंबील, आणि हिच्या ताटात उकडलेला दुधी. रूपासाठी बाईनं तोही गिळला.

आता डावी बाजू खाली उतरली. डॉक्टर म्हणाले, दुरुस्तीचं ऑपरेशन करावं लागेल, नीट विचार करा. ऋतिकानं विचार केला तो एवढाच, की या वेळी घरी काय सांगायचं. आक्का कोलंबी सोलत बसली होती, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आक्का, मला परत खडे झालेत वाटतं."

आक्कानं कोलंबीवरची नजर काढली नाही. "डावी बाजू उतरलीय ना? हळदीत नाचलीस तवाच सगळ्या गावानं बघलीय."

 

आक्कानं पुढची कोलंबी सोलायला घेतली. "पण या बारीला खडे नको सांगू, दुसरा कायतरी सांग. वरीसभर तुझा दुधी उकडून मी पण कंटाळले."