ओल्या रंगावरचा अंगठा

दर सुट्टीत आम्ही तिघे मित्र टेबलावर राक्षस मारायचा खेळ मांडायचो. त्यातले बोटभर उंचीचे वीर रंगवायचं काम माझं. रंग ओला असतानाच त्यावर अंगठा टेकवून "वाळलं का रे?" असं विचारायचं काम आमच्यातल्या दातांच्या डॉक्टरचं. दरवर्षी एक तरी वीर त्याच्या ठशासकट लढायचा.

मार्चमध्ये डॉक्टर गेला. मला रडू आलं नाही. मी रडलो नाही याची बायकोला काळजी वाटते. मला तीही वाटत नाही.

खेळात मेलेल्या वीराच्या पायाखालची चकती काळी करायची, हा आमचा नियम. "डॉक्टरच्या वीराचीही करून टाक, म्हणजे विषय संपला," आमच्यातला तिसरा, वकील, फोनवर म्हणाला. सकाळी चकती काळी केली आणि हात धुऊन आलो. ओल्या रंगात अंगठा उमटला होता.

"मी कशाला हात लावू तुझ्या बाहुल्यांना?" बायकोने साबणाचे हात दाखवले.

पुन्हा रंगवली. पाणी पिऊन येईपर्यंत पुन्हा ठसा. तिसऱ्यांदा मात्र मी जागचा हललो नाही, चकतीवरची नजरही काढली नाही. चकती गुळगुळीत वाळली. हायसं वाटायला हवं होतं. वाटलं काहीच नाही.

दुपारी वकील आला आणि दारातच हसला. "अरे, तोंड काळं करून कुठून आलास?"

मी आरशात पाहिलं. बरोबर डोळ्याखाली, जिथून पाणी ओघळायला हवं होतं तिथे, काळा अंगठा उमटला होता. वाळलं का, ते बघितल्यासारखा.