घंटा वाजली नाही

मशीनचं डोकं डावीकडे सरकत गेलं. टोकाचं बटण दाबलं गेलं, 'टिक' असा आवाजही झाला, पण डोकं थांबलं नाही. ते धाडकन कडेच्या पट्टीवर आदळलं आणि मोटर जागच्या जागी करकरू लागली. त्याने झडप घालून मेन स्विच बंद केला.

"आज काय मोडलं?" बायकोने चपला पायात सरकवत विचारलं. लाकूड कोरायचं हे मशीन त्याने पुढच्या खोलीत स्वतःच, सुटे भाग जमवून उभं केलं होतं. ती मशीनला सवत म्हणायची. "एक फळी कापली नाही अजून, पण घरातले सगळे स्क्रू गिळून बसलीय. निघते मी. अण्णांच्या घंटेकडे कान असू द्या."

"अगं, कानाशीच तर आहे."

घंटा खरंच कानाशी होती, मशीनच्या वर भिंतीला. अण्णा, त्याचे वडील, मागच्या खोलीत पडून असत. उजवी बाजू लुळी पडल्यापासून त्यांचा आवाज दाराबाहेर येत नव्हता. म्हणून मशीनसाठी आणलेल्या बटणांतलंच एक त्याने त्यांच्या डाव्या हाताशी दिलं होतं, आणि त्याच गुंडाळीतली तार दाराच्या बिजागरीजवळून वळवून पुढे आणली होती. पाणी हवं, घंटा. कूस बदलायची, घंटा. भुसा आत जाऊ नये म्हणून मधलं दार लावलेलं असे.

बायको गेल्यावर तो तपासायला बसला. बटण ठीक होतं. जोड ठीक होते. मीटरची टोकं तारेच्या दोन्ही बाजूंना लावली, बीप नाही. तार जरा वाकवली, बीप. सोडली की गप्प. डोक्याबरोबर पुढे-मागे वाकून आतलं तांबं तुटलं होतं. वरचं प्लास्टिक मात्र धड.

दोष सापडला तरी त्याचा जीव थाऱ्यावर येईना. तिथे पट्टीऐवजी त्याची बोटं असती तर? बटण कुणी दाबलेलं नाही आणि तार तुटलीय, मशीनला दोन्ही सारखंच. दोन्ही वेळा तिकडून काहीच येत नाही, आणि काही येत नाही म्हणजे सगळं आलबेल, असं धरून ते चालत राहतं.

त्याने मऊ, बारीक धाग्यांची नवी तार घातली आणि बटणावरची जोडणीच उलटी केली. आता तारेतून वीज सतत वाहणार. ती खंडली, मग बटण दाबलं म्हणून असो की तार तुटली म्हणून, मशीन थांबणार.

चालू केलं. डोकं सरकलं, बटण दाबलं गेलं, मशीन थांबलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा थांबलं. तरी खात्री पटेना. चालू मशीनची तार त्याने मुद्दाम उपटली. थांबलं. तार बसवून पुन्हा चालू केलं, पुन्हा उपटली. थांबलं. मग कुठे त्याने मेन स्विच बंद करून घाम पुसला.

फोन वाजला. बायको होती.

"अण्णांनी पाणी घेतलं?"

"निवांत आहेत. तू गेल्यापासून घंटा वाजलीच नाही."

"एकदाही नाही? रोज तर घंटा वाजवून वाजवून जीव खातात."

टेबलावर तुटक्या तारेचा तुकडा पडला होता. त्याची नजर तिथून दाराकडे गेली, बिजागरीजवळच्या त्याच तारेकडे. ते दार दिवसभर उघडायचं, मिटायचं.

खोली शांत होती. टिक.

त्याने मशीनकडे पाहिलं. ते बंद होतं. टिक. आवाज दारामागून येत होता.

"अहो, ऐकताय ना?" फोनमधून बायको म्हणत होती. तो फोन तसाच टाकून धावला.

अण्णा पलंगावरून खाली, जमिनीवर पडले होते. एक पाय चादरीत अडकलेला, पाठ भिंतीला. डाव्या मुठीत बटण होतं. मुलगा समोर येऊन बसला तरी अंगठा दाबतच होता.

"अण्णा, कधीपासून..."

त्यांचे ओठ जड झाले होते. त्याने कान जवळ नेला.

"मशीन थांबलं की वाटायचं, ऐकलंस," ते म्हणाले. "मग परत चालू व्हायचं."