पाचक गोळी

"पाचक गोळी आहे गं ती, नशा नव्हे," म्हणत मनोहररावांनी पानपट्टीवरून आणलेली पुडी सोडली.

कुंदाचं डोकं सणकलं. शिवरात्रीला प्रसाद म्हणून चाखलेली भांगेची गोळी आता नवऱ्याला रोज जेवणाआधी लागत होती. परवा पानपट्टी बंद होती, तर यांनी भरलं ताट भिरकावलं. आणि पोरगा एकदा बिअर प्यायला, तर त्याच्याशी महिनाभर अबोला!

"अहो, आज तुमची निर्जळी एकादशी ना?"

"अर्थात! पाण्याचा थेंबही घेतला नाही."

"मग पचवायचंय काय?"

मनोहररावांनी गोळी तोंडात टाकली.

कुंदाने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे आदळला. "घ्या, कोरडी कशाला गिळताय? उपास मोडलाच आहे!"